केवड्याच्या बनातला चिंतू

जीपगाडी गावात शिरली तेव्हा मी ओट्यावर बसून कोळंबी सोलत होते. आवाज कानावर पडला आणि मी पहिलं काय केलं असंल, तर उठून सासूच्या खोलीचं दार ओढून घेतलं. का ते सांगते, पण आधी गाडीचं सांगू द्या.

पासष्ट सालचा भादवा होता. पाकिस्तानशी लढाई पेटलेली. दिवा लावायचा तर काचेला काळा कागद चिकटवून. रोज सकाळी कोणीतरी उठायचं आणि सांगायचं, काल केळव्याच्या बाजूला आकाशातून छत्री घेऊन माणूस उतरला. कोणाच्या मेव्हण्यानं बगितला, कोणाच्या भाच्यानं बगितला. स्वतः बगितलाय असं सांगणारा एक सापडंल तर शपथ! त्यात तिकडं तारापूरला विजेचा मोठा कारखाना उभा राहत होता. त्याच्या जागेसाठी तिथल्या वस्त्या उठल्या, हे आमच्या बाजारकरणी बोयसरहून ऐकून आलेल्या. तेव्हापासून आमच्या दातिवऱ्यात कोणी नुसती दोरी घेऊन चाललं तरी लोक विचारायचे, "काय रे, काय मोजतोस?"

आणि अशात चिखलातून धडधडत गाडी आली ती थेट आमच्या पारापाशी थांबली.

पुढून उतरला तो ड्रायव्हर, खाकी कपडे, जाड मिशा. नागोराव त्याचं नाव, परभणीकडचा, कारखान्यावर कामाला लागलेला. मागून एक गोरी म्हातारी उतरली. अंगात साधा झगा, डोक्याला रुमाल, हातात नकाशा. नकाशा बगितला आणि आमची शेजारीण जमना माझ्या कानात ओरडलीच, "रत्ने, हेर गं बाई हेर! बाईमाणूस पाठवलंय मेल्यांनी, संशय येऊ नये म्हणून!"

"संशय येऊ नये म्हणून गोरी पाठवतील? तुझं डोकं ठिकाणावर हाय का?" मी म्हणाले. पण हात थांबलाच होता माझा.

नागोरावनं सगळ्यांना गोळा केलं. म्हणाला, "घाबरू नका. या बाई कारखान्यावरच्या एका विंजेनेरसाहेबांच्या आई आहेत. अमेरिकेहून आल्यात. मागच्या मोठ्या लढाईत यांचा थोरला मुलगा विमानात होता. ते विमान ह्या बाजूच्या समुद्रात पडलं. आम्ही तारापूरपासून खाली एकेक गाव विचारत आलोय. सातपाटी झालं, केळवे-माहीम झालं. तुमच्याकडं कोणा गोऱ्याला पुरलंय का?"

लोकांनी एकमेकांकडं बगितलं. आमच्या गावात कोणी काय विचारलं की आधी एकमेकांकडं बगायचं, ही रीतच हाय. मग सगळे एका सुरात म्हणाले, "नाय."

आणि खरं सांगते, ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एका मला.

तेवढ्यात गाडीतून तो विंजेनेर उतरला. चांगला उंचापुरा, चाळिशीच्या आतला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. केस लाल! गंज चढलेल्या खिळ्यासारखे लाल. तसे केस मी आयुष्यात एकदाच बगितले होते, चोवीस वर्षांमागं, केवड्याच्या बनात.

आता ते सांगायला पायजे.

माझ्या सासूला दोन मुलगे. थोरले ते आमचे मालक. नाव नाय घेत मी, गेले तरी नाय घेत. धाकटा चिंतू. लहानपणी होडीत उड्या मारताना पडला आणि डोक्यात ही एवढी खोक पडली. तिथं केस कदी उगवलेच नाय. आमी त्याला चिडवायचो, तर म्हणायचा, "वहिनी, देवानं खिडकी ठेवलीय, वारा लागायला." असलं पोर. इंग्रजांची लढाई सुरू झाली, मुंबईत बोटीवर खलाशी घेतायत म्हणून ऐकलं आणि हा निघाला. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी ढकललं नव्हतं. गोऱ्यांच्या भांडणात ह्याचं काय अडलं होतं? "जग बगून येतो," म्हणाला. सासूनं दोन दिवस चूल पेटवली नाय, तरी गेला.

वर्षभरानं बोटीच्या कंपनीचा माणूस सांगून गेला. बोट विलायतेच्या बाजूला बुडवली, कोणी वाचलं नाय. सासूनं त्याचं एक ऐकलं नाय. "विलायतेचा समुद्र वेगळा आणि आपला वेगळा हाय काय?" म्हणाली. "समुद्र एकच. आज ना उद्या आणून देईल." रोज सकाळ-संध्याकाळ पुळणीवर, पाण्याकडं बगत बसायची. खाणं सुटलं, बोलणं सुटलं. मालक म्हणायचे, आये आता काय वाचत नाय.

आणि पावसाळ्याच्या तोंडाला मालकांच्या जाळ्यात दोन मडी आली.

गोऱ्यांची होती. अंगावर विमानवाल्यांचे कपडे. तोंडं उरली नव्हती. पोलिसांना सांगावं तर लढाईचे दिवस, होडी पंचनाम्याला अडकवून ठेवली असती आणि वर विचारलं असतं, खिशातलं काय काढलंस? मालक म्हणाले, कोणाची तरी लेकरं हायत, गुपचूप माती देऊ. वसईकडं फिरंगी लोक पुरतात हे आमी बगितलेलं. म्हणून केवड्याच्या बनात खड्डा खणायला घेतला. मी फडकी घेऊन गेले होते. एकाचे केस काळे, एकाचे ते तसे लाल. मालकांनी दोघांची डोकी फडक्यानं झाकली.

आणि मागं वळून बगतो तर सासू उभी.

आमी काय बोलणार त्याआधी ती वाळूत बसली. त्या लाल केसवाल्याच्या फडक्याखाली तिनं हात घातला. बराच वेळ हात आतच. डोकं चाचपत होती. मी म्हटलं, आता फडकं ओढते की काय. पण नाय. तिनं जो हंबरडा फोडला, "माझा चिंतू आला गं! समुद्रानं आणून दिला!", तो मी मरेपर्यंत विसरणार नाय. बायका धावल्या, गाव धावलं. मालक फावडं धरून नुसते उभे. ते खोटं बोलले नाय. ते बोललेच नाय.

अंगावरचे कपडे बोटीवरचेच समजून गावानं रडून-भेकून चिंतूला माती दिली. दुसऱ्याला चिंतूचा सोबती म्हणाले. आमच्या घरानं दहा दिवस सुतक पाळलं. अकराव्या दिवशी सासू चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "रत्ने, भाकर वाढ." दीड महिन्यात पहिल्यांदा मागून खाल्लं तिनं. मालकांनी मला मागल्या दारी नेलं आणि शपथेसाठी आपल्या डोक्यावर हात ठेवायला लावला. "आये जिवंत हाय तोवर तोंड उघडायचं नाय."

मालक जाऊन चार वर्षं झाली. सासू ऐंशीची, डोळे गेलेले, पण जिवंत. आणि त्या मुलाची आई आमच्या पारापाशी उभी होती. आता कळलं ना, परकी गाडी वाजली की मी सासूचं दार आधी का ओढून घ्यायचे?

गावानं नाय म्हटल्यावर ती मंडळी जातील असं वाटलं. कसली जातात! म्हातारी पुळणीकडं चालायला लागली. मागोमाग तिचा मुलगा, नागोराव, निम्मं गाव आणि मी, कोळंबीचे हात पदराला पुसत. सरळ गेली असती तर गेली असती, पण नाय, केवड्याच्या बनाशीच थांबली. तिथं दोन थडगी. भोवती शिंपल्यांची ओळ, वर मातीचा दिवा. दर अमावास्येला सासू हाताला धरून चालवत नेते मला… मी तिला नेते म्हणायचं, पण तीच नेते.

म्हातारीनं बोट दाखवलं. मी गर्दीतून पुढं घुसले.

"ते माझे दीर हायत," मी म्हणाले. "चिंतू. बोटीवर होता. आणि तो त्याचा सोबती."

गावानं माना डोलावल्या. "हां हां, चिंतूच तो. आमीच पुरला."

नागोरावनं ते विंजेनेरला सांगितलं, विंजेनेरनं आईला. म्हातारीनं माझ्याकडं बगितलं आणि हात जोडले, चुकीच्या ठिकाणी आल्याबद्दल माफी मागितल्यासारखे. तिथंच वाळूत बसली. पायांतले बूट काढले. थकली होती. मला दया आली, आणि दया आली म्हणून जास्त राग आला. इतकी वर्षं कुठं होतात? आता, चोवीस वर्षांनी? आमी रडून घेतलं, दिवे लावले, सासू जगवली, आणि आता तुमी आयता हात पुढं करताय! आणि नेणार म्हणजे काय करणार? खणणार. आणि माझी आंधळी सासू विचारणार, "रत्ने, चिंतूला कोण उकरतंय?" मी तिला काय सांगू?

पण तो नागोराव! तो काय माझ्यासारखा कच्च्या गुरूचा चेला नव्हता. जाता जाता माझ्याजवळ आला आणि मिशीत हळूच म्हणाला, "बाई, तुमच्यात तर जाळतात ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचा दीर पुरला कसा?"

मी म्हणाले, "पाण्यानं फुगलेलं मडं, पावसाचे दिवस, ओली लाकडं. तू जाळून दाखव, मी बगते."

"बरोबर आहे," तो म्हणाला. पण डोळे बारीक केले. "समुद्रकाठी वाळूत काय काय पुरतात, ते आम्ही ऐकून आहोत. दुबईहून येतं, दिवसा दीर असतं, रात्री बिस्कीट होतं."

सोनं! मेल्यानं माझ्या दिराचं सोनं केलं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी त्याला जे बोलले ते इथं सांगत नाय. तो हसला, गाडीत बसला, आणि गाडी वळेपर्यंत त्या बनाकडं बगत होता. मी मनात म्हटलं, हा परत येणार.

त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. गावाला संशय की गोरी जमीन बगायला आली. जमनाला संशय की ती हेर. नागोरावला संशय की मी चोरटं सोनं पुरलंय. आणि मला संशय सगळ्यांचा. पुळणीवर कोणी पोर खेकडा खणताना दिसलं तरी मी ओरडायचे. सासूच्या जवळ कोणाला फिरकू देत नव्हते. कोणी आलं की दारातच विचारायचे, "काय काम हाय?"

पण जमनाला कोण अडवणार? मी पाण्याला गेले तेवढ्यात ती मागल्या दारानं घुसली आणि सासूला सगळं सांगून मोकळी झाली. गोरी आली, मुलगा विमानातून समुद्रात पडला, गावोगाव विचारतेय, चिंतूच्या थडग्याशी बसून गेली. मी घागर घेऊन आले तर सासू खाटेवर ताठ बसलेली.

"रत्ने, मला का नाय सांगितलंस?"

"काय सांगायचं? आली आणि गेली."

"मुलगा शोधतेय ती."

"शोधू दे. आपला काय संबंध?"

सासूचे डोळे पांढरे झालेले, तरी तिनं माझ्याकडं तोंड केलं की मला बगतेय असंच वाटायचं. मग म्हणाली, "सर्वपित्रीला तिला बोलाव. माझ्या चिंतूला मी रोज हाक मारली, तर तो आला. तिला म्हणावं, त्याच जागी बसून हाक मार."

काय सांगू, मला धरणी ठाव देईना. ज्या आईचा मुलगा, तिलाच तिथं बसवून हाक मारायला लावायची, आणि ती कोणाला हाक मारतेय हे दोघींनाही ठाऊक नाय! मी म्हणाले, "आये, लढाई चाललीय. परक्या माणसाला बोलावलं तर पोलीस येतील." म्हणाले, "गाडी चिखलात येणार नाय." म्हणाले, "ती किरिस्ताव, तिला आपलं पान चालायचं नाय." सासूनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू एवढी का घाबरतेस गं?"

मी घागर उचलली आणि चुलीकडं वळले. निरोप धाडलाच नाय. ठरवलंच होतं, विचारलं तर सांगायचं, धाडला होता, आली नाय.

पण निरोप जमनानं धाडला. ती माहीमच्या बाजाराला गेली आणि कारखान्याच्या गाडीवाल्याकडं सांगून आली. हेर म्हणणारी तीच आणि आवतण देणारीही तीच. अशी आमची जमना.

लढाई थांबली म्हणून रेडिओवर सांगितलं, आणि लगेच सर्वपित्री आली. मी सकाळी तांदूळ शिजवले, सुकटीचं कालवण केलं, वडे तळले, केळीच्या पानांवर वाढलं. सासूला नवं लुगडं नेसवलं. बनापाशी पोचलो तर जीप आधीच येऊन उभी. आणि तो नागोराव हातात फावडं घेऊन उतरतोय!

मी पानं तशीच वाळूत ठेवली आणि धावले. "खबरदार! एक पाऊल पुढं टाकलंस तर! माणसं गाडलीत इथं, तुझं सोनं नाय!"

नागोराव दचकून मागं सरला. "अहो बाई, गाडी रुतली होती चिखलात! त्यासाठी घेतलं!" चाकांना खरंच गुडघाभर चिखल होता. लोक हसले. मला हसू आलं नाय. मी त्याच्या हातातून फावडं ओढून घेतलं आणि तसंच धरून उभी राहिले.

म्हातारी उतरली. आज तिनं पांढरे कपडे घातले होते. सासूला जमनानं हाताला धरून आणलं. दोघी समोरासमोर आल्या. एकीला दुसरी दिसत नव्हती, दुसरीला पहिलीची भाषा कळत नव्हती. सासूनं हात पुढं केला, गोरीनं तो धरला.

"तिला विचार," सासू नागोरावला म्हणाली, "मुलाचं नाव काय?"

विंजेनेर मधे होताच. त्यानं आईला विचारलं आणि नागोरावनं सांगितलं, "डॅनी."

"कोणत्या राजाच्या लढाईत होता?"

ह्यावर बरंच बोलणं झालं. मग नागोराव म्हणाला, "आजी, तेव्हा त्यांचा देश लढाईत नव्हताच. हा मुलगा आपणहून इंग्रजांकडं गेला. बाईंनी अडवलं होतं. दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. तरी गेला. पुढं त्यांच्या देशाचे जे सैनिक मेले त्यांची नावं दगडावर कोरली. हा त्यांचा नव्हता, म्हणून ह्याचं नाव तिथं नाही. इंग्रजांनी कळवलं, समुद्रात गेला, आणि संपलं."

सासू ऐकत होती. तिचे ओठ हलले. "आमच्या चिंतूचं नाव पण कुठं नाय," म्हणाली.

मग तिनं विचारलं, "तिचा दुसरा मुलगा आलाय ना? त्याला म्हणावं, इकडं बस. डोकं खाली कर. मी हात ठेवते."

मी फावड्यावर रेलून उभी होते ती सरळ झाले. मला का कोण जाणे, त्या दिवसाचं फडकं आठवलं.

विंजेनेर गुडघ्यावर बसला. टोपी काढली. सासूनं त्या लाल केसांवर हात ठेवला. लोकांना वाटलं आशीर्वाद देतेय. पण हात एका जागी थांबला नाय. पुढून मागं, कानामागं, परत वर, बोटं केसांतून फिरत राहिली. बराच वेळ.

"हेच," सासू म्हणाली. "असेच मऊ. मांजराच्या पिलासारखे. आणि खोक नाय."

कोणाला काही कळलं नाय. मला कळलं. माझ्या हातातलं फावडं खाली पडलं.

"आये…"

"माझ्या चिंतूचे केस म्हणजे काथ्या होता," सासू म्हणाली. "आणि इथं ही एवढी खोक. आईच्या हाताला मुलाचं डोकं कळत नाय होय?" मग तिनं त्या गोरीचा हात ओढला आणि पहिल्या थडग्याच्या शिंपल्यांवर नेऊन ठेवला. "हा तुझा. घे बाई. चोवीस वर्षं सांभाळलाय."

नागोरावनं ते सांगायला तोंड उघडलं आणि सासूकडंच बगत राहिला. विंजेनेरनं विचारलं, परत विचारलं. मग कसंबसं सांगितलं त्यानं. गोरी वाळूवर आडवीच झाली, दोन्ही हात पसरून, गाल त्या मातीला लावून. अगदी तशीच, जशी सासू त्या दिवशी माती दिल्यावर पडली होती.

बायकांनी डोक्यावर पदर ओढले. जमनानंसुद्धा.

मी सासूच्या पायाशी बसले. मला राग आला होता. हो, राग! चोवीस वर्षं डोळ्यात तेल घालून मी जे राखलं, झोपेत बोलेन म्हणून तोंडावर पदर बांधून झोपले, ते हिला पहिल्या दिवसापासून ठाऊक! "तुला ठाऊक होतं? मग रडलीस कशाला? चिंतू म्हणालीस कशाला?"

"अगं, मग काय म्हणायचं होतं?" सासू म्हणाली. "परका म्हटलं असतं तर त्याला कोण रडलं असतं? गाव आलं असतं काय मातीला? कोणाचं तरी लेकरू एवढं लांब येऊन पडलं. म्हटलं, आपला म्हणून रडू. माझ्या पोराला तिकडं कोणी असंच आपला म्हणेल." मग माझ्या केसांवरून हात फिरवला. "आणि तुझा नवरा खड्ड्यापाशी उभा होता गं, पोरासारखा. त्याला वाटलं आयेला बरं वाटतंय. त्याचं मन कशाला मोडू? तुमी माझ्यासाठी गप्प, मी तुमच्यासाठी गप्प."

मला रडू आवरेना. मालक असते तर, एवढंच डोक्यात येत होतं. बिचारे त्या न बोललेल्या गोष्टीच्या ओझ्याखाली गेले, आणि ओझं नव्हतंच.

किती वेळ गेला ठाऊक नाय. भरती चढायला लागली. गोरी उठून बसली. तोंडाला वाळू लागलेली, पुसली नाय. मी डोळे पुसले आणि तेच विचारलं ज्याची मला इतके दिवस भीती होती. "त्याला नेणार काय, विचार तिला."

गोरीनं थडग्याकडं बगितलं, भोवतीच्या शिंपल्यांकडं, दिव्याकडं, शेजारच्या दुसऱ्या थडग्याकडं. दुसरा कोण ते तिलाही ठाऊक नव्हतं. म्हणाली, विमानात चौघे होते, चार देशांचे. मग सासूकडं बगून काहीतरी बोलली. नागोराव म्हणाला, "म्हणतात, इथं त्याला आई आहे. नेऊन काय करू?"

मी नागोरावकडं रोखून बगितलं. "असंच म्हणाली? की तू मनानं घालतोयस?"

"आईशप्पथ, असंच," तो म्हणाला आणि बाहीनं मिशा पुसल्या.

मी एक पान उचललं. वाळू लागली होती थोडी, ती झटकली. गोरीला दाखवलं कसं ठेवायचं. तिनं ते मुलापुढं ठेवलं आणि त्याला हाक मारली. एकदा, दोनदा. आधी बारीक आवाजात, मग मोठ्यानं. दुसरं पान मी सोबत्यापुढं ठेवलं, दरवर्षीसारखं. त्याला कोणी आलं नव्हतं, तो आमचाच राहिला.

तिसरं पान उरलं. दरवर्षी दोनच लागायची. आज सासूनं तीन वाढायला लावली होती, आणि मी सकाळी विचारलं तर म्हणाली होती, असू दे.

"रत्ने," ती म्हणाली, "मला पाण्याकडं ने."

मी तिला पुळणीवर उतरवलं. लाट पायाला लागली तशी थांबली. चोवीस वर्षांत समुद्राकडं तोंड करून तिनं त्याला हाक मारली नव्हती. पान माझ्या हातातून घेतलं, वाकली आणि पाण्यावर सोडलं.

"चिंतू!" तिनं हाक मारली. म्हातारा आवाज, लाटेत विरून गेला. परत मारली. मग तिला खोकला आला, पुढं आवाज निघेना.

मी हाक मारणार तेवढ्यात मागून पाण्यात पावलं वाजली. ती गोरी, झगा भिजवत, सासूच्या बाजूला येऊन उभी राहिली. तिनं तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि समुद्राकडं बगून, जीव खाऊन ओरडली, "चिंतू!"